पलटण हरली अन् काका रुसले

देशमुख काका पुण्यासाठी जेवण सोडून बसलेत, ही बातमी मला भिंतीवरून काकूंनी दिली. सुपात मेथी होती, निवडणं चालू होतं.

“काल रातच्यापासून धड जेवले नाई वं मानूस. इचारलं तं म्हंते, तीन पॉइंटानं गेली. म्या म्हटलं, कोन गेली? कोनाची गेली? तं उठून गॅलरीत!”

गेली होती ती पुणेरी पलटण. आदल्या रात्री, ३१ ऑक्टोबर २०२५ ला, दिल्लीत प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाची फायनल झाली आणि दबंग दिल्लीनं पुण्याला ३१-२८ असं हरवलं. आमच्याकडे त्या वेळी सिरियल लागली होती, पण काकांचा टीव्ही इतका मोठ्यानं असतो की आमच्या सासूसून दोघी रडत होत्या अन् मागून पंच शिट्टी वाजवत होता.

आता कुणी पुण्याच्या टीमसाठी हळहळलं तर त्यात सांगण्यासारखं काय? सांगण्यासारखं हे, की आमचे काका अमरावतीच्या रुक्मिणीनगरातले पक्के विदर्भवादी. १९५३ चा नागपूर करार यांना पाढ्यासारखा पाठ. पुण्याचं नुसतं नाव निघू द्या, अनुशेषाची फाइल उघडलीच. पोरीला पुण्याचं स्थळ आलं तेव्हा मुलगा, घर, पगार सगळं पसंत पडूनसुद्धा काका आठवडाभर नाक मुरडत होते. (पोरगी आता हिंजवडीतच आहे, सुखात आहे, आणि दिवाळीला चितळ्यांची बाकरवडी आणते. ती काका खातात.) असा माणूस पुण्यापायी ताटावरून उठला! गल्लीत हे पसरायला किती वेळ लागणार? माझ्याकडून तरी उशीर झाला नाही.

तेवढ्यात काका स्वतःच बाहेर आले.

“कायचं रुसलो? पोट बिघडलं होतं.”

“पण काका, पुण्याची टीम हरली तर तुमाले तं पेढे वाटाले पाह्यजे,” मी म्हटलं. अकोल्याची माहेरवाशीण मी, लग्नानंतर इतकी वर्षं अमरावतीत काढली तरी काकांशी बोलताना तोंडाला तीच बोली येते.

“पुन्याची? कोन म्हंते पुन्याची?” काकांनी बोटं पुढे केली. “मोज. कप जितला त्या सालची टीम घे. असलम इनामदार, कॅप्टन, तो नगर जिल्ह्याचा. आकाश शिंदे नाशिकचा. पंकज मोहिते मुंबईचा. कोच बी. सी. रमेश, कर्नाटकचा. अन् ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसा लावला, तो शादलू, इरानचा! पुन्याचं त्याच्यात बोर्ड तेवढं हाय.”

काकूंनी मेथीची एक काडी माझ्याकडे फेकली. म्हणजे, बघ, सुरू झाले.

सुरू झाले ते थेट दोन वर्षं मागे गेले, दहाव्या हंगामात. काका पलटणीत कसे अडकले त्याची गोष्ट ही, आणि ती ते इतक्या रंगात सांगतात की मला सासूबाईंचा चहा गॅसवर आहे हेही आठवत नाही. काका जुने पी.टी.चे सर, शिकलेले एचव्हीपीएममध्ये, म्हणजे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. त्यामुळे खेळाची गोष्ट सांगताना ते कधीही नुसतं तोंडानं सांगत नाहीत.

“७ ऑक्टोबर २०२३. चीनमंदी हांगझोऊले एशियन गेम्सची फायनल. भारत अन् इरान, २८-२८. शेवटची मिनिटं. पवन सेहरावत रेडले गेला अन् कोनाले हात न लावताच लॉबीत घुसला. लॉबी समजते का तुले? मॅटच्या बाजूची पट्टी. झटापट झाल्याबिगर तिथं पाय टाकला का आऊट. पन त्याच्या मांगं इरानचे चार गडी बी घुसले! जुना नियम म्हंते, चारही आऊट. नवा म्हंते, एकटा रेडर आऊट. झालं! तासभर खेळ बंद. पंच घडीत एक सांगे, घडीत दुसरं. खेळाडू मॅटवर मांडी घालून बसले. शेवटी चार पॉइंट आपल्याले, एक त्याइले. वरून आनखी एक आपल्याले. ३३-२९. सोनं आपलं.”

“आपला असलम होता त्यात?”

“असलम होता, आकाशही होता. अन् समोर इरानकडून शादलू. बरं, लढाई झाली शनिवारी. सोमवारी मुंबईले लिलाव! ज्याच्यावरून एवढं रामायन झालं, तो पवन तेलुगू टायटन्सनं २ कोटी ६० लाख ५० हजाराले घेतला. अन् शादलू घेतला पलटणीनं, २ कोटी ३५ लाखाले. परवा एकमेकाच्या उरावर बसनारे आज एकाच पंगतीत!”

“दोन कोटी पस्तीस लाख?” काकूंची मेथी थांबली. “एका पोट्ट्याचे? अन् धावते किती वेळ?”

“चाळीस मिनिटं. वीस-वीसचे दोन हाफ.”

“तेही बसून-उठून,” काकू म्हणाल्या, आणि एवढ्यात आपल्या गल्लीतले किती प्लॉट येतील याचा हिशेब मनातल्या मनात लावू लागल्या. तोंड सांगत होतं.

मला विचाराल तर त्या लिलावातला खरा मसाला पुढेच आहे. सगळ्यांत महागडा पवन ज्या टीमनं घेतला, त्या टायटन्सनी २२ सामन्यांत जिंकले फक्त २, आणि हंगाम संपला तेव्हा सगळ्यांच्या तळाशी! कॅप्टनही तोच होता बिचारा. सातजणांच्या खेळात एकावर सगळी तिजोरी रिकामी केली की उरलेल्या सहांना काय, प्रसाद? पलटणीनं महागडा घेतला तो राखणारा घेतला, चढाई करणारा नाही. चढाईला आपली पोरं आधीपासून घरात होती. संसार समजणाऱ्या माणसाचं हे डोकं आहे.

शादलूचं खरं आडनाव लांबलचक, शादलुई चियाने की काय. पण टीव्हीवरचेही त्याला शादलू म्हणतात आणि काका तर घरच्यासारखं “माहा शादलू” म्हणतात. तो खेळतो लेफ्ट कॉर्नरला. म्हणजे काय, हे मी विचारायला नको होतं.

“पाह्य,” म्हणत काका गॅलरीतल्या कुलरपाशी गेले. आमच्या अमरावतीत दिवाळी होऊन जाते तरी कुलर काही आत जात नाही. काका दोन्ही गुडघे वाकवून त्या स्टँडसमोर उभे राहिले, डावा पाय पुढं, हात मांड्यांवर. “हा रेडर. हा बोनससाठी पाय टाकनार. कॉर्नरवाल्यानं त्याच्या डोळ्याकडे पाह्याचं नाई, कमरेकडे पाह्याचं. डोळे खोटं बोलते, कंबर नाई बोलत. अन् पाय जमिनीवर टेकायच्या जरा आधी—” काकांनी झपकन् खाली बसून स्टँडचा पाय धरला. “घोटा! टेकल्यावर धरला तं तो ओढून नेते तुले. टेकायच्या आधी धरला तं तो तोंडावर.”

कुलर हलला. आतलं उरलंसुरलं गढूळ पाणी काकांच्या पायजम्यावर आलं. काकू ओरडल्या, “अवं माय, सोडा त्याले! त्याच्यातली मोटार जाईन!” काकांनी पकड मात्र पाचेक सेकंद सोडली नाही. रिटायर झालेल्या मास्तरांच्या हातात इतका जोर असतो हे मला त्या दिवशी कळलं.

तर तो दहावा हंगाम. २ डिसेंबर २०२३ ला अहमदाबादेत सुरू झाला आणि बारा गावं हिंडला. पुण्याला बालेवाडीतही आठवडाभर मुक्काम होता. त्या वेळचा गुणतक्ता काकांनी पेपरातून कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. तिथं आधी मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेतले गणपती होते. पलटण २२ सामने खेळली, १७ जिंकले, २ हरले, ३ बरोबरीत, गुण ९६.

काकू आमच्या बचत गटाच्या खजिनदार. त्यांनी तो तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हाचा किस्सा त्यांच्याच तोंडून ऐकावा.

“म्या इचारलं, जितले का किती? म्हंते पाच. बरोबरीचे? तीन. मंग सतरा पंचे पंच्याऐंशी, तीन त्रिक नऊ, झाले चौऱ्याण्णव. अन् इथं ९६ लिहेल हाय! म्या म्हटलं दोन कोठून आले? हे म्हंते, सातच्या आत हारलं का एक भेटते.”

“मंग?”

“मंग काय! दोन हारा, दोन पॉइंट. म्हंजे दोन्ही बार सातच्या आतच हारले! अख्ख्या हंगामात एकबी टीम त्याइले धड हारवू शकली नाई. हे इतकं टीव्ही पाह्यते, यायले समजलं नाई, मले वहीवर समजलं.”

काका यावर काही बोलत नाहीत, फक्त घसा साफ करतात. खरं होतं ना ते.

सेमीफायनलला पटना पायरेट्स आले, ३७-२१ असे गेले. पटना म्हणजे शादलूचं जुनं घर, हे काका विसरू देत नाहीत. मग १ मार्च २०२४, हैदराबाद, समोर हरियाणा स्टीलर्स. अटीतटीची फायनल, गुण थोडेच. त्यात पंकज मोहिते एका रेडमध्ये चार जणांना मारून आला. कबड्डीत एका वेळी तीन टिपले तरी सुपर रेड म्हणून नाचतात. चार म्हणजे समोरचं अर्धं अंगण रिकामं. पलटण २८-२५ नं जिंकली. दहा हंगामांत पहिल्यांदा. त्या रात्री काकांनी आमची बेल वाजवून पेढा दिला होता आणि मला वाटलं पोरीकडे गोड बातमी आहे. मी तसं काकूंना म्हणूनही टाकलं. पुढचे चार दिवस गल्लीतल्या बायका काकूंना अभिनंदन करत होत्या!

“अन् मंग तुमचा शादलू गेला का नाई पळून?” काकूंना हा भाग फार आवडतो.

पळून कुठला, लिलावच तो. पुढच्या साली हरियाणानं त्याला २ कोटी ७ लाखांना नेला. इकडं असलमचा गुडघा दुखावला, तो हंगामाच्या मधातच बाहेर, आणि पलटण प्लेऑफपर्यंतही पोचली नाही. कप कुणी जिंकला? हरियाणानं. पटन्याला ३२-२३ हरवून. आणि तो सामना झाला कुठं? पुण्यात, बालेवाडीत! आपल्याच अंगणात, आपलाच जुना गडी, दुसऱ्याचा कप उचलताना. काकांनी तेव्हा टीव्ही बंद केला होता.

“पायगुन म्हंते याले,” काकू ठामपणे. “लागोपाठ दोन साल ज्याच्या घरी गेला त्याच्या घरी कप.”

“मंग यंदा गुजरातनं घेतला ना २ कोटी २३ लाखाले. त्याइले कोठी भेटला कप?”

“घरही तसं लागते,” काकूंनी विषय संपवला.

काकू मूळच्या मूर्तिजापूरच्या. शाळेत हुतूतू खेळायच्या, फ्रॉकच्या खाली भावाची चड्डी घालून, असं एकदा त्यांनीच सांगितलंय. प्रो कबड्डी त्यांनी पाहायला घेतली ती मात्र अभिषेक बच्चनच्या टीमपायी. २०१४ साली पहिला हंगाम झाला, त्याच्या जयपूरनं फायनलमध्ये यू मुंबाला ३५-२४ हरवलं. काकूंना स्कोअर आठवत नाही. ऐश्वर्या बाजूला होती का नव्हती, ते विचारा.

पण मी मुद्द्याची गोष्ट विचारली. काका, नगर-नाशिकची पोरं, इराणचा गडी, कर्नाटकचे कोच चालतात, मग वऱ्हाडाचं काय? आपलं नाव कुठं आहे या सगळ्यात?

हे विचारलं आणि काकांचा आवाज बदलला.

“आपलं नाव? आपलं नाव बर्लिनमंदी हाय!”

हे त्यांचं हुकमी पान आहे, पण पान खोटं नाही. अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या भावांनी १९१४ साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. त्या मंडळाचं पथक १९३६ साली, बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी, जर्मनीत गेलं आणि तिथं कबड्डी न् मल्लखांब करून दाखवला. आज हैदराबाद-जयपूर-दिल्लीत दिव्यांच्या झगमगाटात जो खेळ चालतो, तो परदेशातल्या लोकांनी पाहिला तो आधी आपल्या गावच्या पोरांचा. एशियन गेम्समध्ये कबड्डी पदकाचा खेळ व्हायला त्यानंतर १९९० उजाडलं.

“राष्ट्रीय कबड्डीत महाराष्ट्र येगळा उतरते अन् विदर्भ येगळा,” काका म्हणाले. “क्रिकेटमंदी विदर्भानं रणजी तीन बार आनली. पन पैसा आला का नाव कोनाचं? पुनं, मुंबई, जयपूर! आपल्या पोराइनं दुसऱ्याच्या गावाचं नाव छातीवर लावाचं. आपला अमरावतीचा जितेश शर्मा घ्या. २०२५ ले आयपीएल जितली, कोनासाठी? बंगळुरूसाठी.”

“अन् आमच्या अकोल्याचा अथर्व तायडे?” मी लगेच. “तो बी पंजाब, हैदराबाद.”

“तेच म्हनतो ना मी.”

“नाई, मी फक्त सांगून राहिली. अकोल्याचा हाय म्हणून.”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं कॉर्नरवाला रेडरच्या कमरेकडे पाहतो.

इथं काकूंनी भाच्याला मधे आणलं. भाचा अमेरिकेत आयोवाला. त्यानं मागच्या उन्हाळ्यात येऊन काकांना तिकडच्या इनडोअर फुटबॉलच्या गोष्टी सांगितल्या होत्या, तेव्हापासून काकूंना वाटतं आपली कबड्डी तिकडूनच आली. तसं नाही, पण ऐकताना भावकी लागते खरी. त्यांचा तो हेल्मेटवाला फुटबॉल हॉलमध्ये कोंबलेला. मैदान मोठ्याच्या निम्मं, ५० यार्डांचं, गडी आठ-आठ, चारी बाजूंनी गाद्या लावलेली भिंत, आणि माणूस नेऊन त्या भिंतीवर आपटायचा. त्यांना चार चान्स, त्यात दहा यार्ड सरकलं पाहिजे. आपल्याकडे दोन रेड कोऱ्या गेल्या की तिसरी करो या मरो. भाच्याच्या गावाकडच्या बार्नस्टॉर्मर्स नावाच्या टीममधून कर्ट वॉर्नर नावाचा एकजण खेळायचा. त्याआधी तो किराणा दुकानात रात्री फळ्यांवर डबे लावायचा. पुढं तो मोठ्या लीगमध्ये गेला आणि २००० साली सुपर बोल जिंकून आला.

“किरान्यातून?” काकू दर वेळी विचारतात.

आणि हाच वॉर्नर पुढं भारतात पैसे लावणाऱ्यांत होता, हे ऐकाल तर हसाल. २०१२ साली अमेरिकन फुटबॉलची एलिट लीग इकडं काढली होती. त्यात पुणे मराठाज होती, मुंबई ग्लॅडिएटर्स होती. खेळल्या कुठं? श्रीलंकेत, कोलंबोला! जिंकलं पुणं. पुण्यातल्या कितीजणांना पत्ता होता, देव जाणे. पुढं ती लीग गेली ती गेलीच. अमेरिकेतही हॉलमधल्या त्या मूळच्या अरेना लीगचं तेच. १९८७ ला सुरू, २००९ ला दिवाळं, पुन्हा उभी, २०१९ ला पुन्हा बंद, आणि २०२४ मध्ये सोळा टीम जमवून नव्यानं काढली तर काही आठवड्यांत टीमच गळायला लागल्या. खेळाडूंचे पगार अडले.

“भिशीसारखंच हाय म्हना,” काकू म्हणाल्या. “पहिला हप्ता सारेच भरते.”

म्हणून मला कबड्डीचं कौतुक वाटतं. बारा हंगाम टिकली ती. मॅट आला, बूट आले, ८५ किलो वजनाची अट आली, तीस सेकंदांची घड्याळं आली, तरी खेळ आपला ओळखू येतो. काकूंनाही येतो, आणि त्यांनी तो मुरमाड अंगणात ढोपरं फोडून खेळलाय.

काकांच्या डोक्यात मात्र दुसरंच चालू होतं. “मले एक सांग, अकोलेवाली. यंदा बाराव्या हंगामाचे सामने कोठी झाले? विशाखापट्टणम्, जयपूर, चेन्नई, दिल्ली. पुन्यात एक तरी झाला का? नाई! म्हंजे पुन्याची टीम पुन्यात न खेळताच फायनलले गेली. मंग आपल्या वऱ्हाडाची टीम काढाले काय लागते? स्टेडियम नाई लागत. नाव लागते, अन् पैशेवाला लागते.”

“पैशेवाला अकोल्याचा,” मी म्हटलं. “दाल मिलवाले आमचे, बाजारपेठ आमची. मंग नावही अकोल्याचंच. अकोला... काही तरी.”

“वा! खेळ शिकवला कोनं? मंडळानं. मंडळ कोठी हाय? नाव अमरावतीचं.”

“बाराखडीत अकोला आधी येते, काका. आधी क, मंग म.”

“आयुक्त कोठी बसते? विभाग कोनाचा हाय?”

“मुंबईची गाडी आधी कोठी येते? अकोल्यालेच. अमरावतीले याचं म्हटलं तं बडनेऱ्याले उतरा, मंग ऑटो शोधा!”

यावर काकांनी संत्री काढली, मी कापूस काढला. काकांनी अंबादेवी, मी राजराजेश्वर. बाजूचे ठाकरे सर स्कूटर थांबवून ऐकत उभे राहिले. त्यांचं माहेर म्हणजे, म्हणजे त्यांच्या मिसेसचं, यवतमाळचं. ते म्हणाले यवतमाळचं नाव घेतलं तर त्यांची वर्गणी. त्यांना दोघांनीही मोजलं नाही.

“मूर्तिजापूर,” काकू म्हणाल्या.

“काय?”

“मूर्तिजापूरची टीम करा. दोघायच्या मधात पडते.”

“मूर्तिजापूरले इनडोअर स्टेडियम कोठी हाय वं?” काका म्हणाले.

काकूंनी मेथीचं सूप उचललं. “पुन्याच्या टीमले पुन्यात लागलं काय?”